साठा उभा राहिला, केटॅब अडला: माझा अनुभव

वागळे इस्टेटमधलं आमचं ऑफिस इंजिनिअरिंग ॲनालिसिसचं. सगळी वर्कस्टेशनं लिनक्सवर, आणि प्रत्येकाच्या फाइल प्रत्येकाच्या मशीनवर. कुठल्याही मजल्यावरून तोच फोल्डर दिसेल असा एक सामाइक साठा उभा करायचं काम माझ्याकडे आलं. मागे सेफ (Ceph, अनेक डिस्कवर मिळून फाइल साठवणारी प्रणाली), पुढे एनएफएस-गनेशाचे दोन सर्व्हर, अशी मांडणी केली. एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून फाइल वाटण्याची पद्धत, आणि गनेशा हा ती चालवणारा प्रोग्राम. ते सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लिहायला बसले ती केटॅब नावाच्या एका छोट्या फाइलमुळे.

केटॅब लागतोच का, ते आधी. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलं. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत क्लायंट मशीन, म्हणजे वापरणाऱ्याचं मशीन, सांगतं की हा वापरकर्ता अमुक क्रमांकाचा, आणि सर्व्हर ते खरं मानतो. कोणी आपल्या लॅपटॉपवर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन माझा क्रमांक लावला की माझ्या फाइल त्याला उघड्या. सर्व्हरवरचा रूट-स्क्वॉश हा पर्याय फक्त रूटला अडवतो, दुसऱ्याचा क्रमांक लावणाऱ्याला नाही. आमच्याकडे ग्राहकांची डिझाइन असतात, गोपनीयतेच्या करारावर सह्या केलेली. म्हणून कर्बरॉस (ओळख पडताळणारी यंत्रणा) हवंच होतं, आणि तेही त्याच्या केआरबी५पी या प्रकारात: माणसाची ओळख पटवायची आणि नेटवर्कवरून जाणारा मजकूरही एन्क्रिप्ट करायचा. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरवर त्याची गुप्त किल्ली असलेली छोटी फाइल ठेवावी लागते, तिला केटॅब म्हणतात. ज्याच्या ताब्यात डिरेक्टरी, म्हणजे सगळ्या खात्यांची आणि पासवर्डची मध्यवर्ती नोंद, तोच ती देऊ शकतो. आमची डिरेक्टरी ग्रुपच्या आयटी विभागाकडे, ऐरोलीला.

केटॅबसाठी त्यांच्याकडे तिकीट, म्हणजे कामाची ऑनलाइन विनंती, टाकलं. फॉर्ममध्ये ‘सेवेचा प्रकार’ या यादीत वेब होतं, डेटाबेस होता, एनएफएस नव्हतं. ‘इतर’ निवडलं तर तिकीट सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशनवाल्यांकडे गेलं आणि ‘आमच्या कक्षेत नाही’ म्हणून बंद झालं. पुन्हा टाकलं. या वेळी ‘वापरकर्त्याकडून माहिती अपेक्षित’ असा शेरा आला. कोणती माहिती, ते कुठेच नाही. विचारायला फोन केला तर, “मॅडम, तुमचं तिकीट क्लोज दिसतंय, नवीन रेज करा.” नवीन टाकलं की मुदतीचं घड्याळ पुन्हा शून्यापासून. इकडे आमचे साहेब रोज विचारणार, “सर्व्हर तर आलेत ना, मग अडलंय कुठे?” अडलंय ते एका फाइलवर, आणि ती बनवायला एकच कमांड लागते, हे ऐकून कोणाचाच विश्वास बसत नव्हता.

शेवटी केटॅब आला. साठा एका मशीनला जोडून, म्हणजे माउंट करून, पाहिला, तर सर्व्हरने प्रवेश नाकारल्याचा एका ओळीचा संदेश. कर्बरॉसचा सगळ्यात मोठा त्रास हाच. घड्याळ चुकलं तरी तोच संदेश, नाव चुकलं तरी तोच, किल्ली जुनी झाली तरी तोच. ‘केलिस्ट’ला ‘के’चा पर्याय देऊन केटॅबच्या आत पाहिलं, तर सर्व्हरचं नुसतं छोटं नाव होतं. क्लायंट कर्बरॉसकडे तिकीट (हे वेगळं, ओळखीचा तात्पुरता परवाना) मागतो ते डोमेनसकट, म्हणजे नेटवर्कच्या नावासकट, पूर्ण नावाने. म्हणजे आयटीकडे पुन्हा तिकीट, पुन्हा शेरे.

दुसऱ्या खेपेला नावं बरोबर आली. दोन्ही सर्व्हरचे केटॅब बसवले आणि खरा गोंधळ तिथून पुढे सुरू झाला. एका सर्व्हरवर काही जणांचं सुरळीत चालू, काही जणांचं बंद. सकाळी लवकर आलेल्यांना फोल्डर उघडतोय, उशिरा आलेल्यांना नाही. दुसऱ्या सर्व्हरवर मात्र सगळ्यांचं चालू. नेटवर्क तपासलं, स्विच तपासला, कुठेच काही सापडेना. आयटीच्या तिकिटावर उत्तर आलं, “आमच्याकडून सर्व ठीक आहे.”

मग मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडली आणि थेट ऐरोलीला गेले. केटॅब बनवणारा मुलगा भला निघाला. शेजारी खुर्ची ओढून बसवलं, चहा मागवला. त्याने माझ्यासमोर आधीच्या कमांड उघडल्या आणि दोन मिनिटांत कारण दिसलं. दोन्ही सर्व्हरची नावं त्याने एकाच सेवा-खात्याला जोडली होती आणि केटॅब बनवण्याची कमांड पाठोपाठ दोनदा चालवली होती. ती कमांड दर वेळी खात्याचा पासवर्ड बदलते आणि किल्लीचा क्रमांक एकाने वाढवते. दुसरा केटॅब तयार झाला त्याच क्षणी पहिला निकामी झाला. ज्यांच्याकडे आधीचं कर्बरॉस तिकीट होतं, त्यांचं जुन्या किल्लीवर चालत राहिलं, कारण तिकीट साधारण दहा तास टिकतं. नंतर आलेल्यांना नव्या किल्लीचं तिकीट मिळालं आणि सर्व्हरकडे तर जुनीच किल्ली.

“मॅडम, फॉर्ममध्ये दोन सर्व्हर आहेत एवढंच येतं, वेगळं खातं हवं हे कुठे विचारतच नाही,” तो म्हणाला. त्याचं खरं होतं. त्याने प्रत्येक सर्व्हरला वेगळं खातं करून दिलं, आणि किल्लीचा क्रमांक दाखवणाऱ्या ‘केव्हीनो’ कमांडचा आकडा केटॅबमधल्या आकड्याशी जुळतोय हे आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. परतीच्या गाडीत मला खूप हलकं वाटलं आणि तितकाच रागही आला. किल्ली बनवणारा आणि ती बसवणारा यांना पहिल्याच दिवशी दहा मिनिटं बोलू दिलं असतं, तर यातलं काहीच झालं नसतं.

घड्याळाचं राहिलंच. क्लायंट, सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलर (कर्बरॉसची तिकिटं देणारा सर्व्हर) यांच्या वेळेत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बरॉस दार उघडत नाही. घड्याळ जुळवून ठेवणारा क्रोनी सगळ्या मशीनवर आधी लावा, बाकीचं नंतर. फायरवॉलसाठी एनएफएसची आवृत्ती ४ घ्या, २०४९ हा एकच पोर्ट (नेटवर्कवरचं दार) पुरतो. आवृत्ती ३ ला १११ आणि शिवाय माउंट, लॉक यांचे वेगळे पोर्ट मागावे लागतात, म्हणजे आणखी एक फॉर्म.

सुरू झाल्यावर आमच्याकडे तक्रार आली ती कॅशिंगची. खालच्या मजल्यावर टाकलेली फाइल वर लगेच दिसत नाही. यात बिघाड काही नाही. लिनक्सचा क्लायंट फाइलची माहिती ३ ते ६० सेकंद आणि फोल्डरची ३० ते ६० सेकंद स्वतःजवळ धरून ठेवतो. खात्री एवढीच असते की एकाने फाइल बंद केली आणि त्यानंतर दुसऱ्याने उघडली, तर त्याला नवा मजकूर मिळतो. कार्नेगी मेलनच्या अँड्र्यू फाइल सिस्टिममध्ये फाइल बदलल्याचं सर्व्हर स्वतः क्लायंटला कळवतो, ती कल्पना मला जास्त आवडते. पण आमच्याकडे एनएफएस होतं. ही माहिती धरून ठेवणंच बंद करणारा ‘नो-एसी’ हा पर्याय लावा असं नेटवर पुष्कळ ठिकाणी सुचवतात. लावू नका, सगळंच संथ होतं. ज्या फोल्डरमध्ये देवाणघेवाण होते तेवढ्याच माउंटवर फोल्डरची माहिती धरून ठेवण्याची मुदत कमी करा.

सेफ प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवतं, त्यातल्या दोन जिवंत असेपर्यंत लिहिणं-वाचणं चालू राहतं. डिस्क गेली तरी कोणाला कळत नाही, इतकं ते चांगलं आहे. पण चुकून पुसलेली फाइल तिन्ही ठिकाणांहून एकदमच जाते. म्हणून स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची जपलेली नोंद) घ्या, आणि एक बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवा. आमचा महाप्याला जातो.

केटॅब मागणार असाल तर शेऱ्यात तीन गोष्टी स्वतःच लिहा: सर्व्हरचं डोमेनसकट पूर्ण नाव, प्रत्येक सर्व्हरला स्वतंत्र खातं, आणि त्या खात्याचा पासवर्ड मला न कळवता बदलू नये. ही तिसरी गोष्ट नसेल, तर विभागाच्या ठरावीक पासवर्ड-बदलात तुमची किल्ली एक दिवस मरेल आणि पुन्हा तोच एका ओळीचा संदेश येईल. ऐरोलीच्या फॉर्ममधल्या यादीत आता एनएफएस आलंय. खात्यांबद्दलचा प्रश्न अजून आलेला नाही, तो टाकावा म्हणून मी पुन्हा एक तिकीट टाकलंय.