समुद्र लांब असला म्हणून काय झालं, पवनचक्कीचं काम बेळगावच्या उद्यमबागेत यायला पाहिजे

परवा हायवेला हत्तरगीजवळ पवनचक्कीचं पातं नेणारा ट्रेलर दिसला, गाडी बाजूला घेऊन बघत उभा राहिलो. सौंदत्तीला यल्लम्माला जाताना डोंगरावर ह्या चक्क्या आपण सगळ्यांनीच बघितल्यात, पण पातं जमिनीवर आडवं बघितलं की त्याची लांबी खरी कळते. आणि समुद्रात उभी करतात ती पाती ह्याहून कितीतरी मोठी.

केंद्र सरकारनं जून 2024 मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी 7453 कोटींची योजना मंजूर केली. गुजरातच्या समुद्रात 500 मेगावॅट, तमिळनाडूच्या समुद्रात 500, आणि दोन बंदरं सुधारायला 600 कोटी. आमच्याकडं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, बेळगावला कुठं समुद्र आहे? नाही, पण फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचे कारखाने आहेत की, मशीन शॉप आहेत, आणि हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या कामासाठी तर बेळगावचं नाव देशभर आहे. पवनचक्कीचं हब, म्हणजे पाती बसतात तो मधला भाग, कितीतरी टनांचं एकच कास्टिंग, एकसंध ओतलेलं, ते आमच्याकडच्या छोट्या फाउंड्रीत होणार नाही हे मान्य. पण वरचं डोकं वाऱ्याच्या दिशेला वळवून धरून ठेवायला ब्रेक कॅलिपर लागतात, काही टर्बाईनमध्ये पात्याचा कोन बदलायला हायड्रॉलिक सिलिंडर असतात, वॉल्व्ह, पंप, ब्रॅकेट, हे सगळं आमच्या हातातलं काम आहे.

मग अडतं कुठं? गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. एसजी आयर्नची, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाची एक बॉडी आतून कोरत होतो, शेवटचा कट, अर्धा मिलिमीटर राहिला होता आणि आत मुगाच्या दाण्याएवढं ब्लो होल, ओतताना हवा अडकून राहिलेलं भोक, निघालं. दिवसभराचं मशीनिंग आणि कास्टिंग दोन्ही भंगारात. बाबांनी टॉर्च मारून बघितलं, बोट फिरवलं आणि काही न बोलता पीस खाली ठेवला. जमिनीवरच्या मशीनला असला पीस चुकून गेला तर माणूस जाऊन बदलून येतो, पण समुद्रात बोट न्यायची, लाटा कमी व्हायची वाट बघायची, आणि खाऱ्या हवेत तो पार्ट वीस-पंचवीस वर्षं टिकला पाहिजे. म्हणून तिथं प्रत्येक कास्टिंगला अल्ट्रासॉनिक टेस्टचा, म्हणजे ध्वनिलहरींनी आतले दोष तपासल्याचा कागद लागतो, मटेरियलचा लागतो. तसा रिपोर्ट एकदा आम्हाला हवा होता तर पीस पुण्याला पाठवला, आठ दिवस गेले आणि ऑर्डर दुसरीकडं गेली. टेस्टिंगचं मशीन एकट्यादुकट्या शॉपला परवडत नाही हो, ते सगळ्यांत मिळूनच घ्यावं लागतं, आणि इथंच गावच्या कारभाऱ्यांचं काम सुरू होतं असं माझं म्हणणं आहे.

इंग्लंडमधल्या हल शहराचं बघा. मच्छीमारीवर जगणारं गाव, 1976 नंतर आइसलँडच्या पाण्यातली मासेमारी बंद झाली आणि बंदर ओस पडत गेलं. तिथं सीमेन्सचा पात्यांचा कारखाना आला, 2016 ला सुरू झाला. कंपनी आणि बंदरवाले मिळून 31 कोटी पौंड घालायला तयार झाले, पण नगरपालिका हात बांधून बसली नव्हती. हल आणि शेजारची ईस्ट रायडिंग, दोन्ही कौन्सिलनी एकत्र येऊन सरकारकडून 2 कोटी 57 लाख पौंड मिळवले आणि ते पोरांच्या ट्रेनिंगला, गावातल्या छोट्या कारखान्यांच्या मदतीला, जागा तयार करायला लावले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मोठी कंपनी स्वतःचं बघून घेते, छोट्याला कोण बघणार? 2017 ला त्यांनी 75 मीटरचं एक अख्खं पातं शहराच्या मुख्य चौकात आडवं ठेवलं होतं, लोक हात लावून बघत होते. ती कल्पना नयन कुलकर्णी नावाच्या कलाकाराची, नाव वाचून मला उगाचच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

डेन्मार्कचं एस्बियर तर वस्तीनं निपाणीपेक्षा थोडंसंच मोठं, सत्तर हजारांच्या आसपास. तिथलं बंदर नगरपालिकेच्याच मालकीचं आहे. 2002 ला जवळच्या समुद्रात 80 टर्बाईन उभी राहिली, तेव्हापासून ते बंदर ह्या धंद्यात वाढत गेलं.

आमच्याकडं मात्र पावसात शॉपपर्यंतचा रस्ता असा होतो की फिनिश केलेला पीस पोत्यात गुंडाळून, टेम्पोत मांडीवर धरून न्यावा लागतो. दोन वर्षांपूर्वी एका ऑफिसात अर्ज दिला होता, तीन खेपा घातल्या, प्रत्येक खेपेला टेबल वेगळं.

तरी परत जायचं ठरवलंय. आम्ही शॉपवाले चौघं मिळून पत्र लिहिलंय, रस्ता, सगळ्यांसाठी एक टेस्टिंग लॅब, आणि आयटीआयच्या पोरांना कास्टिंग तपासायचं ट्रेनिंग, एवढंच मागितलंय. मराठीतला मजकूर मी लिहिला, कन्नडमधला शेजारच्या शॉपच्या अण्णांनी, रात्री साडेदहापर्यंत बसून, लेथच्या बाजूच्या टेबलावर. सोमवारी अकराला नगरसेवकांकडं जाणार आहोत. मच्छे, होनगा, काकतीकडचं कुणी शॉपवालं वाचत असेल तर सही करायला रविवारपर्यंत या, पत्र शॉपवरच ठेवलंय.