भाचीने दिले म्हणून

मार्गशीर्ष, शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

आज वाचक मंडळात मी खोटे बोलले. खोटे तसे लहानसे होते, त्यात कोणाचे काही गेले नाही, आणि बोलून झाल्यावर मी कपातला चहा संपवून वर आणखी अर्धा कप मागूनही घेतला. पण घरी परतताना ते माझ्यामागोमाग आले आणि आता जेवणखाण उरकून मागच्या दाराला आडणा घातला तरी ते पडवीत बसूनच आहे. "भाचीने दिले म्हणून वाचले," एवढेच मी म्हटले होते.

पुस्तकाचे नाव इथे लिहीत नाही. लांडग्यांच्या राजघराण्यातली प्रेमकथा, इंग्रजी आणि विनोदी. राजपुत्राचा रात्री लांडगा होतो, पहाटे तो पुन्हा माणूस होतो तेव्हा अंगावर चिंधीही नसते, आणि अशा अवस्थेत नायिकेच्या परसातल्या कोबीच्या वाफ्यात उभा राहून तो तिला, राजासमोर मान लववण्याची रीत असते, याची आठवण करून देतो. ती त्याच्याकडे गोणपाट फेकते. पार्सल वाचनालयाच्या पत्त्यावर आले होते, कारण मी घरी असेनच असे नसते; तिथल्या मुलाने मोठ्या उत्साहाने ते सर्वांदेखत फोडले, मुखपृष्ठावरचा उघड्या छातीचा मुकुटधारी पुरुष सर्वांनी पाहिला, आणि मग ते लपवण्यात अर्थ नसल्यामुळे माझे वाचून झाल्यावर महिनाभर ते मंडळात फिरले. मी ते दोन रात्रींत संपवले होते. दुसऱ्या रात्री मी एकटीच मोठ्याने हसले आणि या घरात तसा आवाज किती दिवसांनी... असो.

आज त्यावर मते झाली. विज्ञानाच्या सरांनी राजेपणाच्या मुळावरच घाव घातला. कळपावर सत्ता गाजवणारा 'अल्फा' लांडगा ही कल्पना स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये जे लिहिले त्यातून रुजली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती घरोघर नेली आणि 1999 मध्ये त्याच मेक यांनी लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले असतात. "तेव्हा बाई, ज्याला तुमची लेखिका राजा म्हणते तो नुसता बाप आहे," असे म्हणून सर थांबले. सरांचे म्हणणे खरे आहे, पण आमच्या बाजूच्या कुठल्या बापाने ओटीवर बसून स्वतःला राजाहून कमी मानले आहे?

पोस्टातल्या वहिनींना विनोदाची जागा खटकली. रडू येईल असे वाटू लागले की लेखिका मध्येच गुदगुल्या करते, राणीमातेच्या मरणाच्या प्रसंगीसुद्धा कोणीतरी सोफ्यावर गळलेल्या केसांचा विषय काढतोच, हे त्यांचे म्हणणे मला पटले आणि मी तसे सांगितलेही.

वकिलांचा प्रश्न मात्र खरा मोलाचा होता. या जातीच्या कथांत विधिलिखित जोडीदार वासावरून ओळखला जातो. राजपुत्राने एकदा हुंगले की ठरले. "मुलीला कोणी विचारले का?" असे त्यांनी विचारले आणि सभा गप्प झाली. माझ्याकडे याचे उत्तर होते. गंभीरपणे लिहिलेल्या अशा कथांत ते हुंगणे मला भीतीचेच वाटते, कारण तिथे नायिका विरघळते आणि राजाचा हुकूम व नशिबाचा हुकूम एकच होऊन बसतो. विनोदी कथेत ती आधी हसते. ती म्हणते, तुझ्या नाकाला कळले असेल, माझ्या नाकाला अजून ओल्या कुत्र्याचाच वास येतो आहे. आणि पुढची दोनशे पाने त्या राजपुत्राला मुकुट, वंशावळ आणि विधिलिखित बाजूला ठेवून तिची भांडी घासावी लागतात. तिला कोणी विचारलेले नसते हे खरे, पण हसून ती स्वतःला विचार करायला वेळ काढून घेते, आणि शेवटी लग्न होणार हे आपल्याला पहिल्या पानापासून ठाऊक असूनही तो वेळ वाचायलाच आपण बसलेले असतो. हे सगळे माझ्या जिभेवर आले होते.

तेवढ्यात एक काका म्हणाले की ही परक्यांची थेरे आहेत, आपल्याकडे कोणी माणसाचे जनावर होऊन प्रेमबीम करीत नाही. हे काका दरवर्षी आरवलीला वेतोबाला हातभर लांबीच्या चपला वाहतात आणि देव रात्री गावात फिरतो म्हणून त्या झिजतात असे आम्हाला दरवर्षी सांगतात, पण ते राहू दे. त्यांनाही उत्तर होते. उलूपी ही नागराज कौरव्याची मुलगी. तिने गंगेत स्नानाला उतरलेल्या अर्जुनाला पाण्याखाली ओढून आपल्या घरी नेले, आणि तो ब्रह्मचर्याच्या व्रताची सबब सांगू लागला तेव्हा तिने त्याला, ते व्रत द्रौपदीपुरते आहे, माझ्यापुरते नाही, असे समजावले. आमच्या वकिलांनीसुद्धा याहून चोख युक्तिवाद केला नसता. हिडिंबा तर भावाच्या सांगण्यावरून पांडवांना मारायलाच आली होती, आणि भीमाला पाहून सुंदर रूप घेऊन उभी राहिली. आदिपर्व मी मुलांना किती वर्षे सांगितले!

यातले काहीच मी बोलले नाही, कारण त्याच वेळी कार्यकारिणीतला तो, एके काळी माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारा, हसून म्हणाला, "बाई, तुम्ही? हे वाचता?" त्याच्या मनात वाईट नव्हते. आणि मी भाचीचे नाव पुढे केले.

भाचीने दिले हे खरेच आहे. खोटे आहे ते 'म्हणून'. तिने तर पापडांची कृतीही पाठवली होती, ती मी उघडूनसुद्धा पाहिली नाही. मघापासून मी स्वतःला विचारते आहे की दाढीवाल्या रशियन लेखकाची सहाशे पानांची कादंबरी असती, तिच्यात उपासमार आणि पश्चात्ताप असता, तर ती कोणी दिली हे मी सांगितले असते का? मुळीच नाही, मी फक्त "वाचली" म्हटले असते आणि थोडी मान वर केली असती. रडले म्हणायला मला लाज वाटत नाही. हसले म्हणायला वाटते, आणि दोन माणसे एकमेकांजवळ येतात ते वाचून बरे वाटले असे म्हणायला तर इतकी वाटते की एका बिचाऱ्या मुलीला मी साक्षीला उभे केले. छत्तीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईने काय वाचावे हे गावाने ठरवून टाकले आहे, आणि आता एकटी राहणाऱ्या बाईने काय वाचू नये हेही. त्या ठरावावर माझीच सही आहे, हे लिहिताना हात अडतो.

हे लिहीत असताना देवळाच्या बाजूने मृदंग ऐकू येऊ लागला. जत्रेची रात्र आहे, दशावतार उभा राहत असेल. शेवटचे कधी गेले होते ते आता... पण नानांची आठवण झाली. नाना राजापार्ट करायचे. साध्या लाकडी बाकड्याचे सिंहासन, हाताशी लिहिलेली संहिता नाही, आणि तरी ते बसले की पहाटेपर्यंत कोणी जागचे हलत नसे. "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" असे दशावताऱ्यांविषयी म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. आठ-नऊ वर्षांची असताना एका सकाळी एस. टी. स्टँडवर पेटाऱ्याशेजारी उकिडवे बसून बशीतून चहा फुरकताना ते मला दिसले. कानामागे रंगाचा लाल पट्टा राहिला होता आणि अंगात फाटका बनियन होता. मी फिसकन हसले. नानांनी बशीवरून पाहिले आणि रात्रीच्याच भरदार राजाच्या आवाजात विचारले, "हसतंस कित्याक गो? राजाक च्या लागना नाय?"

मी आणखीच हसले आणि तेही हसले. त्यानंतर पुढच्या जत्रेला ते बाकड्यावर बसले तेव्हा मला राजाच दिसला. बनियन ठाऊक असूनही दिसला, बहुधा ठाऊक असल्यामुळे जास्तच. कोबीच्या वाफ्यातला तो राजपुत्र मला दोन रात्री का सोडवला नाही ते आता कळते आहे. हे मी आज मंडळात सांगू शकले असते, आणि नानांचे नाव निघाल्यावर काकांनी थेरे म्हटले नसते, कारण नानांच्या दहीकाल्याला, म्हणजे दशावताराच्या खेळाला, काका माझ्याच पुढे चटईवर बसलेले असायचे. पुढच्या बैठकीत सांगावे. सांगेनच असे इथे लिहून ठेवत नाही. माझी मला ओळख आहे.

भाचीचा निरोप मघाच येऊन पडला आहे. दुसरा भाग निघाला आहे, या खेपेस धाकट्या राजपुत्राचे लग्न आहे आणि वधूपक्ष अस्वलांचा आहे, पाठवू का, असे तिने विचारले आहे. मी "पाठव" असे लिहिले. मग जरा थांबून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: "वाचनालयाच्या पत्त्यावर नको, घरच्या पत्त्यावर. मी घरीच असेन."