रॉकी माउंटनमधले एल्क: ६०० एमएम प्राइम नेऊ नका

कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात एल्क या मोठ्या हरणाच्या माजाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो. या दिवसांत नर शोधत फिरावं लागत नाही, तो रस्त्याकडेच्या कुरणातच असतो. तरीही निम्मे लोक वाईट फोटो घेऊन परततात, कारण टूरवाल्यांनी त्यांना सांगितलेली जागा, वेळ आणि लेन्स, तिन्हींत खोट असते.

आधी लेन्स. एल्कपासून ७५ फूट, म्हणजे साधारण २३ मीटर लांब राहायचं असा उद्यानाचा नियम आहे. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० एमएमची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, लावून २३ मीटरवर नेम धरला, तर चौकटीत जेमतेम १.४ मीटर रुंदी मावते. नराचं अंगच त्याहून लांब. शिंगांसकट अख्खा नर आणि आजूबाजूला थोडी मोकळी जागा हवी असेल तर ४ मीटर रुंदी लागते. ती ६०० एमएमने ६७ मीटरवर मिळते, ४०० ने ४४ वर आणि ३०० ने ३३ वर. नर माद्यांच्या मागे धावत क्षणात ८० मीटरवरून ३० वर येतो आणि प्राइमवाले शिंगं छाटलेले फोटो काढत बसतात. हाक देताना तो मान वर करून शिंगं पाठीवर टाकतो, तेव्हा तर वर आणि मागे आणखी जागा सोडावी लागते. १००-४०० किंवा २००-६०० झूम न्या. भाड्याने एफ ४ ची, जास्त उजेड घेणारी मोठी प्राइम घेऊ नका. तिचा सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फायदा खरा आहे, पण तेवढ्यासाठी ते भाडं आणि ते वजन परवडत नाही. लेन्सची लांबी वाढवणारा टेलिकन्व्हर्टर तर बॅगेतच राहू द्या.

आता मोरेन पार्क. प्रत्येक टूरवाला संध्याकाळी इथेच आणतो, आणि संध्याकाळी फोटोसाठी याच्याइतकी फसवी जागा उद्यानात दुसरी नसेल. कुरणाच्या पश्चिमेला डोंगरांची भिंत आहे. सप्टेंबरच्या शेवटी सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास, पण सूर्य डोंगराआड जातो अर्धा-पाऊण तास आधीच. एल्क उघड्यावर येतात नेमके तेव्हा, म्हणजे प्रकाश सपाट आणि निळसर झाल्यावर. टूरच्या जाहिरातीतलं सोनेरी कुरण त्या वेळी नसतंच. एफ ६.३ आणि १/५०० सेकंदाचं शटर धरलं तर सावली पडल्यावर आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना, वाढली की फोटो दाणेदार) १०००च्या आसपास जातो, सूर्यास्ताला ४०००, आणि पुढच्या वीस मिनिटांत १२८००. झुंज गोठवायला १/१००० ते १/१६०० लागतं, ते या प्रकाशात विसरा. उभ्या नराच्या हाकेला लेन्सचा कंप दाबणारं स्टॅबिलायझेशन चालू ठेवून १/२५० पुरतं. संध्याकाळी तेवढंच काढा, नाहीतर कॅमेरा खाली ठेवून नुसतं ऐका.

यात परवान्याचा पेच आहे. मोरेन पार्क बेअर लेक रोडच्या पट्ट्यात येतं आणि हंगामात या पट्ट्याला पहाटे ५ ते संध्याकाळी ६ वेगळी वेळ-आरक्षित एंट्री लागते. सहानंतर आरक्षण नको, म्हणून लोक सहाला आत शिरतात, आणि तोवर ऊन संपत आलेलं असतं. गाड्या उभ्या करायच्या जागा आधीच भरलेल्या. रस्त्यातच गाडी थांबवली की उद्यानाचे एल्क ब्यूगल कोअरचे स्वयंसेवक येऊन हलवतात, आणि बरोबरच करतात.

मोरेन पार्क करायचंच असेल तर पहाटे पाचच्या आत शिरा. कुरणाच्या उत्तर कडेने फर्न लेक रोड जातो, तिथे थांबा. समोर दक्षिणेला हिमनदीने रचलेला लांब बांध आहे, त्यावर दाट झाडी. थंड सकाळी नराच्या तोंडातली वाफ दिसायला अशीच काळी पार्श्वभूमी लागते. ऊन तिरकं समोरून येत असताना एक्सपोजर ०.७ ते १ स्टॉप कमी ठेवा, वाफ उठून दिसते. हिमकण पडलेल्या पांढऱ्या गवतावर ऊन पाठीमागून असेल तर उलट ०.७ वाढवा.

मात्र सर्वांत शहाणा मार्ग दुसराच आहे. हॉर्सशू पार्क आणि अपर बीव्हर मेडोज हे बेअर लेक पट्ट्याबाहेर आहेत. तिथे आरक्षण फक्त सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत लागतं. एल्कचे फोटो त्या वेळेत काढायचेच नसतात! सूर्योदयाआधी फॉल रिव्हरच्या प्रवेशद्वारातून हॉर्सशू पार्कला जा, नऊपर्यंत काम संपवा. ‘परवाना आमच्याकडे, तुम्ही फक्त चला’ म्हणणाऱ्या टूरला पैसे देण्याचं कारण उरत नाही. वरची पद्धत २०२५ ची आहे. त्या त्या वर्षीच्या तारखा उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

सुंदर प्रकाशात काढलेले फोटोही घरी आल्यावर मऊ, म्हणजे अस्पष्ट निघतात आणि दोष लेन्सच्या माथी जातो. खरं कारण बहुतेक वेळा हवा असते. हीटर लावलेल्या गाडीतून गरम लेन्स शून्याजवळच्या थंडीत काढली की हूडच्या (लेन्सपुढच्या नळीच्या) आत गरम हवा घुटमळते आणि चित्र थरथरतं. शेवटची वीस-तीस मिनिटं हीटर बंद, काचा खाली. कुडकुडा, पण लेन्स थंड होऊ द्या. तोवर हूड काढून ठेवला तरी फरक पडतो. उघड्या खिडकीतून फोटो घेताना गाडीतली ऊब बाहेर वाहत असेल तर तोच प्रकार. इंजिनच्या बॉनेटवरून किंवा तापलेल्या डांबरावरून नेम धरूच नका. साडेनऊनंतर ऊन कुरणावर चढलं की शंभर मीटरवरचा एल्क कुठल्याही लेन्सने धारदार येत नाही. स्क्रीनवर मोठं करून बघा, कडा पाण्यासारख्या हलत असतील तर आवरून निघा.

फोकस दोन ठिकाणी चुकतो. पुढची गवताची काडी पकडली जाते, किंवा डोळा ओळखणारी प्रणाली शिंगाच्या फाट्यावर जाऊन बसते. एक छोटा फोकस बिंदू डोळ्यावर ठेवा, फोकस शटरऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर घ्या. ६०० एमएम, एफ ६.३ आणि ३० मीटर अंतर असेल तर फोकसची खोली एक मीटरहून थोडी कमीच. नर आपल्याकडे तोंड करून असेल तर डोळा आणि शिंगाची टोकं दोन्ही नेटकी यायला एफ ८ लागतो.

ट्रायपॉडपेक्षा एकपायी मोनोपॉड घ्या. नर तुमच्याकडे चालत आला तर अंतर तुम्हीच वाढवायचं असतं, आणि गर्दीत तीन पाय गोळा करण्याइतका वेळ तो देत नाही. कान मागे, मान खाली, डोळे वटारलेले दिसले की गाडीत बसा. नर आणि त्याच्या माद्या यांच्यामध्ये कधीच उभं राहू नका. कळपाच्या कडेला घुटमळणारे तरुण नर असतात, पाठ त्यांच्याकडेही नको. गाडीतून काढायचं तर रिकामी बीनबॅग (खिडकीवर लेन्स टेकवायची पिशवी) न्या आणि तिथे तांदूळ भरा.

१ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर या कुरणांत संध्याकाळी ५ पासून सकाळपर्यंत पायवाट सोडून पाऊल टाकायला बंदी असते. म्हणजे कोन रस्त्यावरूनच शोधायचा. विलो आणि अ‍ॅस्पेनची झाडं वाचवण्यासाठी उंच कुंपणंही घातलेली आहेत, ती मागे येणार नाहीत अशी जागा उजेडात आधीच हेरून ठेवा. हाकेची नक्कल करणं किंवा दिवे मारणं बेकायदा आहे. तसं करणारा शेजारी भेटलाच तर त्याच्यापासून लांब जा, कळप तसाही पांगतो.

एस्टेस पार्क गावात गोल्फ मैदानावर एल्क फुकट दिसतात. मागे कापलेली हिरवळ आणि झेंडा येतो. चेहऱ्याचे जवळचे फोटो घ्या, बाकी सोडा.

पैशांचं सांगायचं तर २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त पडतात. रॉकी माउंटन त्या ११ उद्यानांच्या यादीत आहे. यलोस्टोन आणि ग्रँड टीटनही यादीत आहेत. तिन्ही एका प्रवासात करणार असाल तर २५० डॉलरचा वार्षिक पास स्वस्त पडतो. बुकिंगच्या वेळी हे कोणी आपणहून सांगत नाही, दारावर कळतं.

बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा. खोलीवर शिरण्याआधी कॅमेरा बंद बॅगेत घाला आणि तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरतं. कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या.