संत्र्यांच्या उजेडातला चेहरा

पोटापाण्यासाठी मी पुस्तकांची चित्रं काढते. बालवाडीची पुस्तकं, आरोग्याची पत्रकं, दिवाळी अंकातल्या कथा असं सगळं. या कामात बाई रोज लागते. आई, शिक्षिका, आशाताई, निंदण करणारी मजूर. मजकूर दुपारी येतो आणि चित्र रात्रीपर्यंत हवं असतं, त्यामुळे प्रत्येक इलस्ट्रेटरच्या हातात एक तयार चेहरा बसलेला असतो. मोठे डोळे, बारीक जिवणी, निमुळती हनुवटी, लांब मान. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर रंगवलेली स्त्री आमच्या आधीच्या पिढ्यांच्या डोळ्यांत बसली, आणि तिची रेषा माझ्याही हातात उतरली आहे. ती मला प्रिय आहे. पण नागपुरात बर्डीवर, इतवारीत, गोकुळपेठेच्या बाजारात मला जे चेहरे भेटतात, ते तिच्यात मावत नाहीत. त्यांच्यासाठी मी वेगळी वही ठेवते. तिच्यातलं काही विकायचं नसतं, कुणाला पाठवायचं नसतं. कामाची चित्रं टॅबलेटवर होतात. ही मात्र पेन्सिल, कागद आणि जलरंगात.

हात गरम ठेवायला मेट्रो उत्तम. लोकमान्य नगरच्या बाजूला जाताना समोरच्या बाकावर कुणी ना कुणी असतंच. दोन स्टेशनांमध्ये डोकं, खांदे आणि मानेचा कल एवढंच मिळतं, तेवढं पुरे. नाकडोळे त्यात नसतात, त्यामुळे कुणाची ओळखही पटत नाही. पोर्ट्रेट करायचं असेल तर आधी विचारायचं, हा माझा नियम आहे, आणि तो मी एकदाही मोडलेला नाही. बाईचा चेहरा तिला न विचारता टिपणारे मोबाइल या शहरात कमी नाहीत. आपण त्यात भर घालू नये.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी, मृग बहाराची संत्री बाजारात यायला लागली तेव्हा, मी गोकुळपेठेत एका मावशींना विचारलं. साठीच्या पुढचं वय, नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत हिरवट पडलेलं गोंदण. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“माह्यं कायले काढतं वो बाई? माह्या सुनेचं काढ. गोरी हाये ते.”

मी म्हटलं, “मावशी, मला तुमचंच काढायचं आहे. नाही म्हणालात तर राहू द्या.” त्यांनी एक डझन संत्री एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत भरली, पैसे कमरेच्या चंचीत ठेवले आणि म्हणाल्या, “काढ मंग. पण धंद्याच्या मधात येऊ नको.”

ही अट फार मोलाची ठरली. धंद्याच्या मधात यायचं नाही म्हणजे ‘मावशी, इकडे बघा’, ‘जरा हलू नका’ हे काही म्हणायचं नाही. शेजारच्या पालेभाजीवाल्या ताईंनी मला एक उलटं क्रेट दिलं, त्यावर बसून मी काढायची. पहिल्या काही सकाळी मी चेहऱ्याला हातच घातला नाही. नुसतं बघत होते की ही बाई बसते कशी, वजन कुठल्या मांडीवर टाकते, बोलताना मान आधी वळते की डोळे. अशा वेळी पानावर रेघोट्या जमतात आणि जवळून जाणारे पुरुष डोकावून ‘हे काय काढून राहिल्या मॅडम?’ म्हणतात. मावशीच त्यांना हाकलायच्या.

मग पेन्सिल. डोक्यावर पदर असला की कवटीचा वरचा भाग झाकलेला राहतो आणि डोळे कागदावर नकळत वर सरकतात. डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येते, म्हणून मी आधी पदराच्या आतली कवटी काढते, पदर मागाहून. कपाळावरचं कुंकू मला फार मदत करतं. ते चेहऱ्याच्या मध्यरेषेवर बसलेलं असतं. तिथून नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि पुढे हनुवटीपर्यंत जाणारी रेषा कशी वाकली आहे ते बघितलं की डोकं किती वळलंय ते कळतं. मान वळली की गोल कुंकू लंबगोल दिसायला लागतं. तेवढ्या एका लाल ठिपक्यावरून कपाळाचा उतार पकडता येतो. ज्या बायकांना कुंकू नसतं, त्यांच्या बाबतीत मी भुवयांच्या मधली घडी शोधते, पण तिथे दुप्पट वेळ जातो.

सुरकुत्यांबद्दल माझं मत ठाम आहे. त्या रेषांनी काढू नयेत. सुरकुती ही कातडीची घडी आहे. तिची एक कड उजेडात असते, दुसरी सावलीत, आणि दोन्हीकडे ती हळूहळू विरत जाते. पेन्सिलीने करकचून रेषा मारली की म्हातारपण मुखवट्यासारखं वरून चिकटवलेलं दिसतं. तरुण चेहऱ्यावर लावतो तेवढीच नजर आणि तेवढाच वेळ म्हाताऱ्या चेहऱ्याला द्यावा लागतो. खरं तर जास्तच.

मावशींची एक मुद्रा मला हवी होती. गिऱ्हाइकासाठी फळ निवडताना त्या संत्रं उचलून तळहातावर तोलायच्या. त्या क्षणी नजर फळावर नसायची. ती समोर कुठेतरी लांब लागायची, ओठ किंचित मिटायचे आणि सगळं लक्ष तळव्यात उतरायचं. वरून छान दिसणारं पण आतून कोरडं पडलेलं फळ हाताला हलकं लागतं, ते त्या असं बाजूला काढायच्या. ही मुद्रा जेमतेम दोन सेकंद टिकते, पण सकाळभरात शंभरदा येते. मी प्रत्येक वेळी एकच गोष्ट टिपायची. एकदा वरची पापणी, एकदा ओठांचा कोपरा, एकदा मनगट. पान भरत गेलं आणि हळूहळू त्या तुकड्यांतून बाई दिसायला लागली.

वही दाखवली तेव्हा मावशींनी ती बराच वेळ धरून ठेवली आणि मग म्हणाल्या, “गळा रिकामा काढला तू.”

गळ्यात काळी पोत होती, ती मी काढलीही होती. पण त्यांना एकदाणी हवी होती. सोन्याच्या मण्यांची, घरी डब्यात ठेवलेली. बाजारात कोण घालून येतं? मी मनाने काढली असती तर झालं असतं. दागिने मनाने काढणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. पण या वहीत मी न बघितलेलं काही काढत नाही. म्हटलं, “मावशी, घालून या ना एक दिवस.”

आणि त्या घालून आल्या. त्या दिवशी सगळंच बदललं. पाठ ताठ झाली, मान उंच झाली, पदर नीट चापून बसवला आणि नजर थेट माझ्यावर लागली. फळ तोलतानाची ती हरवलेली नजर गेली. मी मनात चरफडले, कारण इतक्या सकाळी जमवलेलं सगळं आता जुळत नव्हतं. पण क्रेटवर बसून नीट बघितल्यावर कळलं की हे त्यांचं म्हणणं आहे. त्यांना चित्रात असं दिसायचं आहे, आणि तो हक्क त्यांचाच. शिवाय ती सरळ नजर रिकामी नव्हती. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला जोखावं तसं त्या मला जोखत होत्या. रंगात हेच चित्र करायचं, हे तिथेच ठरलं. तोलतानाची मुद्रा पेन्सिलीतच राहू दिली.

आता रंग, आणि माझ्यासाठी या सगळ्या उपद्व्यापातला सर्वांत मोठा भाग.

मावशींच्या डोक्यावर निळी ताडपत्री होती. तिच्यातून गाळून येणारा उजेड कपाळावर, गालफडांवर, नाकाच्या दांड्यावर निळसर पडायचा. सकाळचं ऊन मात्र तिरकं येऊन समोरच्या संत्र्यांच्या ढिगावर आदळायचं आणि तिथून उसळून हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या खाली, वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला नारिंगी व्हायचं. रंगचक्रात निळा आणि नारिंगी समोरासमोर असतात. एकाच चेहऱ्यावर वरून एक, खालून दुसरा. ऊन वर चढलं की ढीग सावलीत जायचा आणि खालचा उजेड विझायचा. म्हणजे हाताशी जेमतेम तासभर.

खालून येणाऱ्या उबदार उजेडाचं काय करायचं ते शिकायला मी सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ पुन्हा पुन्हा बघितलं. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये असलेलं हे चित्र जलरंगात आहे, आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता मॉडेल म्हणून उभी राहिली होती. दिव्यावर आडवी धरलेली बोटं आतून उजळलेली दिसतात. उजेडाभोवतीच्या गडद भागामुळे तो उजेड पेटतो. मी तेच केलं. मानेवरची सावली मला वाटत होती त्यापेक्षा बरीच खोल नेली, तेव्हा कुठे हनुवटीखालचा नारिंगी उजेड जिवंत झाला.

कातडीच्या रंगाविषयी थोडं सांगायलाच हवं. शाळेच्या रंगपेटीत ‘स्किन’ नावाची एक गुलाबी कांडी असायची, आणि वर्गातल्या आमच्यापैकी एकीचाही रंग तसा नव्हता. कामाच्या चित्रांतही ‘बाई जरा उजळ करा’ असा निरोप अजून येतो. एका प्रकाशनाकडून तो शेतमजूर बाईच्या चित्राबद्दल आला होता. मी उन्हात राबणाऱ्या बाईचा रंग बदलायला नकार दिला आणि ते काम गेलं. त्याचं मला दुःख नाही. सावळा रंग हा रंगवायला सगळ्यांत श्रीमंत रंग आहे. त्याच्यावर आभाळ उतरतं. सावळ्या कपाळावरचा हायलाइट पांढरा नसतो, तो थंड निळसर असतो, आणि सावलीत लालसर ऊब असते. मी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा पातळ वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या रंगाचा थर देते, तो पूर्ण वाळला की बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन हा गडद निळा मिसळून सावल्या, आणि कानाच्या पाळीला, ओठांना, नाकाच्या बाजूंना अलिझरिन क्रिमसन या गडद लालचा हलका हात. काळा रंग मी पेटीत ठेवतच नाही, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट घेतले की हवा तेवढा काळोख मिळतो. तीन थरांच्या वर गेलं की जलरंग मळतो, चेहरा आजारी दिसतो. म्हणून प्रत्येक थर देण्याआधी तो बाजूच्या कागदावर लावून, वाळवून बघायचा. जलरंग वाळल्यावर फिका होतो, हे तर कुणालाही माहीत असतं, पण किती फिका होतो ते रंगावर, पाण्यावर आणि कागदावर ठरतं.

फोटोवरून करा की, असं बरेच जण सुचवतात. फोनचा कॅमेरा जवळून नाक मोठं करतो, कान मागे ढकलतो, आणि बरेच फोन सावळा चेहरा आपणहून उजळ आणि गुळगुळीत करून टाकतात. ज्यासाठी मी बसले तेच पुसलं जातं. मी मावशींच्या परवानगीने फक्त लुगड्याच्या काठाचा फोटो घेतला.

एप्रिल उजाडला आणि दोन संकटं एकदम आली. एक म्हणजे बहार सरत आला. ढीग रोज बुटका होत होता आणि मावशी म्हणत होत्या की आठवड्याभरात टरबूज लावणार. टरबुजाच्या हिरव्या पाठीवरून उजेड उसळला तर तो कसा दिसेल हा सुंदर प्रश्न होता, पण माझं चित्र अर्ध्यात होतं. दुसरं, नागपूरचं ऊन. पारा चाळिशीच्या पुढे गेला की वॉश कागदावर पसरायच्या आत वाळतो आणि गालावर कडा उमटतात. घरी कूलरसमोर बसावं तर दमट हवेने कागद फुगतो आणि थर वाळता वाळत नाही. मी ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद दोन्ही बाजूंनी भिजवून पाटावर ताणला, रंगाच्या पाण्यात ग्लिसरिनचे अगदी थोडे थेंब टाकले, त्याने वाळणं लांबतं, आणि मोठे वॉश भल्या पहाटे, कूलर बंद ठेवून दिले. बाजारात फक्त रंगाच्या नोंदी घ्यायच्या. चौकोनी ठिपके, बाजूला पेन्सिलीने ‘हनुवटी’, ‘पदराची आतली बाजू’, ‘एकदाणीचा शेवटचा मणी’ असं लिहिलेलं.

एकदाणीसाठी सोनेरी रंग वापरला नाही. प्रत्येक मण्यावर कागदाचा एक कण कोरा सोडला, वरच्या अंगाला किंचित निळं, खालच्या अंगाला संत्र्याचं, मध्ये यलो ऑकर. दोन हात लांबून ते सोनं दिसतं. डोळे सगळ्यात शेवटी केले. बुबुळातला उजेडाचा ठिपका मी ताडपत्रीसारखाच निळा ठेवला.

चित्र दाखवायला नेलं तेव्हा ढिगाच्या जागी टरबुजं होती. मावशींनी आधी एकदाणीचे मणी बोटाने मोजले. बरोबर निघाले. मग शेजारच्या ताईंना बोलावलं, ताईंनी लसणाच्या बाईंना बोलावलं, आणि तिघींनी मिळून चर्चा केली की नाक थोडं मोठं झालंय का. मावशींचं म्हणणं पडलं की नाक बरोबर आहे, त्यांच्या बापाचंच नाक आहे. मी त्यांना चांगल्या कागदावरची प्रिंट फ्रेम करून दिली. मूळ चित्र माझ्याकडे आहे, तेही त्यांना विचारून.

आता लसणाच्या बाईंनी स्वतःहून सांगितलंय की त्यांचंही काढायचं, पण दसऱ्यानंतर. त्याआधी मला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचं आहे. १९५६ साली बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली, तिथे लांबलांबच्या गावांहून आलेल्या पांढऱ्या साडीतल्या बायका पथारी टाकून बसलेल्या असतात. कुणी शिदोरी सोडलेली, कुणी नवी घेतलेली पुस्तकं चाळत असलेली. पांढऱ्या सुती कापडाचा उजेड सावळ्या चेहऱ्यावर खालून कसा येतो ते मला शिकायचं आहे. सध्या रोज सकाळी गच्चीवर आईची पांढरी साडी वाळत घालते आणि तिच्या घड्यांतल्या सावल्यांच्या नोंदी घेते. कोबाल्ट ब्लूमध्ये अलिझरिन किती मिसळायचं, ते अजून बसलेलं नाही.