काझीच्या गावाहून दिसलेलं इस्तंबूल

शाळेत इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ होती, १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि मग युरोपातल्या लोकांना भारताकडे यायला नवा समुद्रमार्ग शोधावा लागला. गाळलेल्या जागा भरा मध्ये हमखास यायची. बाकी सगळ्या सनावळ्या विसरले पण हे नाव डोक्यात बसलं ते बसलंच, नुसतं उच्चारायलाच भारी वाटायचं. पुढे कधीतरी कळलं की तेच इस्तंबूल, आणि तेव्हापासून ठरलेलं होतं की एकदा पाठीवर सॅक टाकून तिथे जायचंच. गेल्या ऑक्टोबरमध्ये गेले, एकटी.

प्लॅन चार दिवसांचा होता. अकरा दिवस राहिले.

पहिले दोन दिवस जे सगळे बघतात तेच बघितलं. आया सोफिया हे मूळचं प्रचंड चर्च, आता मशीद, ५३७ साली बांधून झालं, सहा वर्षंसुद्धा लागली नाहीत, आणि त्या घुमटाच्या बुडाशी चाळीस खिडक्या आहेत त्यातून उजेड असा येतो की एवढा मोठा घुमट कशावर टेकलाय तेच कळत नाही. पण मी जास्त वेळ उभी राहिले ती वरच्या गॅलरीतल्या संगमरवरी कठड्यापाशी. तिथे कित्येक शतकांपूर्वी एका व्हायकिंगने, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लढवय्याने, स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, हाफदान, पुढचं सगळं झिजून गेलंय. कुठल्या कुठून आलेला तो माणूस, त्यालाही इथे आपलं काहीतरी ठेवून जावंसं वाटलं! मग जमिनीखालचं पाण्याचं टाकं बघितलं, ३३६ खांब, त्यातल्या दोन खांबांच्या तळाशी ग्रीक कथांमधल्या सापांचे केस असलेल्या मेडुसाचं डोकं, एक आडवं आणि एक उलटं. हे सगळं सुंदरच होतं, पण तोवर मी फक्त बघत होते. जीव जडला तो तिसऱ्या दिवशी, तेही चुकीच्या बोटीत बसल्यामुळे.

माझं हॉस्टेल काराकॉयला होतं. जुन्या शहरातल्या एमिनोन्यूच्या धक्क्यावरून पूल चालत ओलांडला असता तरी दहा मिनिटांत पोचले असते, पण पाय इतके दुखत होते की म्हटलं बोटीने जाऊ, धक्क्यावर एकाला विचारलं आणि त्याला ऐकू आलं कादिकॉय. त्याने हात करून बोट दाखवली, मी कार्ड टेकवून आत गेले. बोट निघाली आणि थांबेचना. गलाटा टॉवर मागे पडला, पूल मागे पडला, आणि माझ्या लक्षात आलं की आपण चाललोय आशियात, शहराच्या पलीकडच्या अर्ध्या भागात.

त्या वीस-पंचवीस मिनिटांत काय झालं ते मला नीट सांगताच येत नाहीये. संध्याकाळ होती, ऑफिस सुटलेले लोक, कुणी वाचतंय कुणी डोळे मिटून बसलंय, एक माणूस ट्रेमध्ये चहाचे ते कमरेत बारीक असलेले ग्लास घेऊन फिरतोय. बाहेरच्या बाकावर एक आजी सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल कड्यासारख्या पावाचे, तुकडे करून वर भिरकावत होत्या आणि सीगल ते हवेतल्या हवेत झेलत होते, त्यांनी न विचारता अर्धं सिमित माझ्या हातात दिलं. मी मागे वळले तर सगळं जुनं शहर एका ओळीत उभं होतं. तोपकापी राजवाडा, आया सोफिया, निळी मशीद, पलीकडे सुलेमानिये मशीद, आणि मागे सूर्य. मला रडायला आलं, खरंच आलं.

उतरल्यावर कळलं, कादिकॉय म्हणजे काझीचं गाव आणि काराकॉय म्हणजे काळं गाव. कादिकॉय मूळचं ग्रीकांनी वसवलेलं, तेव्हा नाव होतं कॅल्सेडॉन. हिरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय की एका इराणी सेनापतीने त्या लोकांना आंधळे म्हटलं होतं, कारण समोरची इतकी सुरेख जागा मोकळी असताना ते अलीकडे राहिले. मला हे अजिबात पटलेलं नाही. समोर राहिलं तर समोरचं दिसतं कुठे? मी दुसऱ्याच दिवशी हॉस्टेल बदलून कादिकॉयला आले, पुढे कपादोक्या भागात जायचं बसचं तिकीट सोडून दिलं, आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ तीच बोट.

आणि भाषा! दुकान तिथे द्युक्कान, शहर शेहिर, साबण साबून, मैदान मेयदान, पडदा पेर्दे, हवा तर हावाच. फारसी-अरबीतून दोन्हीकडे पोचलेले शब्द आहेत हे माहीत असतं, पण परक्या देशात मागच्या टेबलावर ते अचानक कानावर पडले की मान आपोआप वळते. हॉटेलात बिल मागायचं तर म्हणायचं हेसाप, म्हणजे आपला हिशेब. वेटरला द्यायची टिप म्हणजे बाहशिश, आपलं बक्षीस. तामाम म्हणजे ठीक आहे, हा शब्द मी दिवसातून पन्नास वेळा वापरला आणि तेवढ्यावर माझं निम्मं काम भागलं.

शहराच्या दोन भागांमधून जाणाऱ्या बॉस्फरस सामुद्रधुनीत दोन प्रवाह असतात. वरचं पाणी काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे जातं आणि खालून जास्त खारं, जड पाणी बरोब्बर उलटं वाहतं. हे वाचल्यापासून बोटीच्या कठड्यापाशी उभं राहून मी खाली बघत राहायचे. वरून काहीच दिसत नाही अर्थात.

बोट धक्क्याला लागताना एक माणूस जाड दोर फेकून खुंटाला अडकवतो, मग फळी टाकतात. पण इस्तंबूलचे लोक त्या फळीसाठी थांबत नाहीत, बोट हातभर अंतरावर आली की टुणकन उडी मारून चालायला लागतात, हातात पिशव्या असल्या तरी. दहाव्या दिवसापर्यंत मी फळी टेकायची वाट बघितली. अकराव्या दिवशी सकाळी, पाठीवर पूर्ण भरलेली सॅक असताना, मी पण उडी मारली.