मेकफाईल, आठवडा तिसरा: ठिगळं काढली, सगळं एका मेकमध्ये आणलं

मागच्या वेळी सांगितलं होतं तसं, माझा मराठी टायपिंगच्या सरावाचा प्रोग्राम 'मेक -जे8' ने (मेक म्हणजे मेकफाईलमधल्या नियमांनुसार प्रोग्राम बिल्ड करणारं टूल, -जे8 म्हणजे एकदम आठ जॉब) कधी बिल्ड व्हायचा, तर कधी 'कीमॅप.एच सापडत नाही' म्हणून अडायचा, आणि तीच कमांड परत मारली की व्हायचा. कारण सापडलं. लेआउटच्या टेक्स्ट फाईलवरून पायथन स्क्रिप्ट कीमॅप.एच ही हेडर (बाकीच्या फाईलींत ओढून घ्यायची सामायिक फाईल) बनवते ती टूल्स फोल्डरमध्ये, लागते कोअर फोल्डरला, आणि दोघांच्या मेकफाईल वेगळ्या, वरची फक्त दोन्हीकडे मेक चालवते, मग आठ जॉब एकदम सुटले की जो आधी पोचेल तो.

आधी वरच्या मेकफाईलमध्ये .नॉटपॅरलल (कामं एकदम न सोडता एकामागून एक करायची सूचना) टाकलं. एक ओळ. ते फक्त त्याच मेकफाईलला लागू होतं, आतले मेक पॅरललच राहतात, म्हणून वेळही फारसा वाढला नाही. त्या रात्री रिलीज काढायचा होता, त्यामुळे ते ठिगळ योग्यच होतं, परत तशी वेळ आली तर परत तेच करेन.

पण मंगळवारी हेडरमधल्या एका स्ट्रक्टमध्ये (एकत्र बांधलेल्या डेटाच्या रचनेत) फील्ड वाढवलं आणि प्रोग्राम भलतीकडेच क्रॅश व्हायला लागला. दोन तास जीडीबी या डीबगरमध्ये गेले, मग दिसलं की त्याच स्ट्रक्टचा साइझ एका फाईलमध्ये 24 बाइट आणि दुसरीत 32 आहे! हेडर बदलली तर कोणते .ओ (कम्पाइल होऊन बनलेल्या फाईल) परत बनवायचे हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. मेक क्लीनने (बनलेलं सगळं पुसून) भागलं असतं, पण मग ते रीडमीत लिहायचं आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायचं, हे मला पटेना. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच, कुठल्याच मेकला पूर्ण ग्राफ, म्हणजे कोणती फाईल कशावर अवलंबून आहे ते, दिसत नाही. पीटर मिलरने 1998 मध्येच 'रिकर्सिव्ह मेक कन्सिडर्ड हार्मफुल' या लेखात हे नीट मांडलंय.

म्हणून शनिवार-रविवार बसून मेक एकच ठेवलं, प्रत्येक फोल्डरमध्ये छोटी .एमके फाईल, ती वरून इन्क्लूड. कम्पायलरला -एमएमडी -एमपी दिलं की तो स्वतःच .डी फाईलमध्ये हेडरची यादी लिहितो, आणि -एमपीमुळे एखादी हेडर नंतर उडवली तरी मेक अडून बसत नाही. एकच खाच आहे, पहिल्या बिल्डला .डी फाईल नसतातच, त्यामुळे कीमॅप.एच उभ्या रेघेनंतर ऑर्डर-ओन्ली (फक्त आधी तयार हवी, एवढंच) म्हणून द्यावी लागते, पुढचं .डी बघून घेतात.

मग .नॉटपॅरलल काढलं आणि जीएनयू मेक 4.4 मधलं --शफल=रिव्हर्स लावलं. मला हे फार आवडलंय, क्रम उलटा करून मुद्दाम बिल्ड मोडायला बघतं. पहिल्याच झटक्यात टेस्टची .ओ फाईल पकडली गेली, तिला कीमॅप.एच द्यायची राहिलीच होती. ती दिली, वीस वेळा शफल करून बिल्ड केलं, एकदाही अडलं नाही.

इन्स्टॉलचा भाग मात्र अजून जुनाच आहे, डेस्टडिर (इन्स्टॉल दुसऱ्याच फोल्डरखाली करायची सोय) मानत नाही, पॅकेज बनवणाऱ्यांना ते लागणारच. पुढच्या रविवारी ते घेतो.