हनालेईचा धक्का आणि आईचे धबधबे

हवाईतल्या काउआई बेटावर पाच दिवस होतो. बाकीच्यांना कडे चढायचे होते, आईला गुडघे सांभाळायचे होते. "जिथे चढायचं नाही अशी एक जागा मला दाखव," ती म्हणाली. म्हणून एका दुपारी आम्ही दोघंच हनालेईच्या धक्क्याकडे निघालो.

बेटावरच्या लिहुए गावाहून उत्तरेला साधारण ५० किलोमीटर. गावाच्या तोंडाशी हनालेई नदीवर १९१२ सालचा लोखंडी पूल आहे, एकाच गाडीच्या रुंदीचा. सिग्नल नाही, पोलीस नाही. एका बाजूच्या पाच-सात गाड्या जातात, मग उरलेले आपणहून थांबतात आणि समोरच्यांना वाट देतात. माझा नंबर सहावा. जावं की थांबावं, या विचारात मी पुलाच्या तोंडाशी चांगलाच रेंगाळलो, पण मागून एकही हॉर्न वाजला नाही. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

पुलापलीकडे पाण्याने तुडुंब वाफे, त्यात हिरवी ढालीएवढी पानं. आईने काच खाली केली. "अरे, हे तर अळू!"

अळूच. इथे त्याला कालो म्हणतात. कंद उकडून, कुटून त्याची पोई करतात. "आणि पानं? टाकून देतात?" तिला खरी काळजी. नाही, पानांत मांस-मासे गुंडाळून वाफवतात, असं सांगितलं. यावर ती गप्प बसली. अळूचं फदफदं सोडून पानांचं दुसरं काही करावं, हे तिला पटलेलं दिसलं नाही.

याच खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी शेतकऱ्यांनी अळू काढून भात लावला होता. धक्का १८९२ मधला, त्याच भाताच्या दिवसांतला. तांदळाची पोती इथूनच बोटींवर चढायची. आधी सगळा लाकडी होता, काँक्रीट नंतर आलं. पुढे कॅलिफोर्नियाच्या तांदळापुढे इथल्या भाताचा निभाव लागला नाही, वाफ्यांत पुन्हा अळू आलं आणि धक्क्याचं काम संपलं. १९७९ पासून तो ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत आहे. यादीत नसता तरी लोक आलेच असते म्हणा.

कारण तिथे करण्यासारखं काही नाही, हेच त्याचं सुख. तिकीट नाही, दुकान नाही. किनाऱ्यापासून सरळ शंभरेक मीटर समुद्रात गेलेली वाट, आणि टोकाला चार बाजूंनी उघडी, उतरत्या छपराची शेड. पोरं पळत येऊन उड्या मारत होती. त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे गरम काँक्रीटवर उमटायचे आणि पुढचं पोर येईपर्यंत वाळूनही जायचे. ऑगस्टमध्ये हा उपसागर तळ्यासारखा असतो. हिवाळ्यात इथेच उत्तरेकडून मोठाल्या लाटा येतात. १८२४ मध्ये हवाईचा तेव्हाचा राजा लिहोलिहो याचं हौसेचं जहाज याच उपसागरात खडकावर आदळून बुडालं. राजा तेव्हा लंडनच्या वाटेवर होता.

शेडमध्ये एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. आईने सरळ त्यांच्या बादलीत डोकावून बघितलं. चांदीसारखे, हातभर नव्हे, वीतभर मासे. "बांगडाच की!" मग जरा निरखून, "नाही, डोळे बघ केवढे." त्यांनी नाव सांगितलं, अकुले. पिल्लं असली की हालालू. "बसा ना, आंटी," असं म्हणून त्यांनी आपली घडीची खुर्ची पुढे केली. हवाईत वडीलधाऱ्यांना सर्रास आंटी आणि अंकल म्हणतात. पण हे गृहस्थ आईपेक्षा चार वर्षांनी मोठेच असतील. आई खुर्चीत बसली, आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "आंटी काय, ताई म्हणायला हवं होतं."

तेवढ्यात पाऊस आला. आभाळ भरून येणं वगैरे काही नाही, थेट कोसळलाच. पोरं, मच्छीमार, एक नवपरिणीत जोडपं, कुत्रा, सगळे छपराखाली. वीसेक मिनिटं कुणाला काही बोलताच येईना, पत्र्यासारखा आवाज चालू होता.

मग पाऊस ओसरला, ढग वर सरकले, आणि मागच्या नामोलोकामा डोंगरावर पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. मघाशी हिरवागार असलेल्या कड्यावरून पाणी उतरत होतं. आई बोटाने मोजायला लागली. अंकलही गळ बाजूला ठेवून मोजू लागले.

"सात," आई म्हणाली. तेही मराठीतच, पण सोबत बोटं दाखवून.

त्यांनी मान हलवली आणि नऊ बोटं वर केली. मग तिच्या खुर्चीमागे येऊन, डावीकडच्या घळीतल्या दोन बारीक धारा तिला दाखवल्या.

"त्या मी धरल्या नव्हत्या," आई म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.